रेड्यांची टक्कर आणि कापसाचे रान



नवी मुंबईत तुर्भ्याला मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आहे. कोणी त्याला वाशी मार्केट म्हणतो, कोणी नुसते एपीएमसी मार्केट. कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला आणि धान्य असे पाच बाजार तिथे शेजारी शेजारी भरतात. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते पाहिले असेल. कापूस तिथे उतरत नाही, त्याचा सौदा जिनिंगच्या दारातच होतो. ज्वारी गेलीच तर धान्य बाजारात जाते, पण तोवर ती दोन-तीन हातांतून गेलेली असते. तरीही जिल्हा बैठकीच्या या अंकात मी त्या बाजारापासून सुरुवात करतो. जगातल्या दोन बलाढ्य राष्ट्रांची झुंज म्हणजे काय, हे तिथल्या फळांच्या खोक्यांवर वाचता येते.

२०१८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या पोलादावर २५ टक्के आणि अॅल्युमिनियमवर १० टक्के जादा कर बसवला. राग मुख्यतः चीनच्या स्वस्त पोलादावर होता, पण ओरखडा आपल्यालाही लागला. दिल्लीने जून २०१९ मध्ये उत्तर दिले. अमेरिकेच्या २८ वस्तूंवर कर वाढला. त्यात सफरचंद होते, बदाम होते, अक्रोड होते, हरभरा आणि मसूरही होती. सफरचंदावरचा कर ५० टक्क्यांवरून ७० वर गेला. वॉशिंग्टन राज्यातल्या शेतकऱ्याची पेटी वाशीत महाग झाली आणि तिच्या जागी इराण-तुर्कस्तानच्या पेट्यांना वाव मिळाला. चिनी सफरचंदाला तर २०१७ पासून कीड-रोगाच्या कारणाने दार बंदच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेवरचा हा जादा कर उठला. आता विचार करा. भांडण पोलादाचे, भांडणारे वॉशिंग्टन आणि पेकिंग, आणि चार वर्षे मार खाल्ला तो सफरचंद पिकवणाऱ्याने. त्याने तर कोणाचे पोलाद पाहिलेही नव्हते.

रेड्यांची टक्कर लागली की झाडाझुडपांचा चुराडा होतो, असे आपल्याकडे म्हणतात. या लेखाचा विषय तोच आहे. फक्त मला झाडांच्या बाजूने बोलायचे आहे. रेड्यांच्या बाजूने बोलणारे शहरात पुष्कळ आहेत.

वाडा आणि वेशीबाहेरचा नवा

ही झुंज समजायला परदेशात जायला नको. प्रत्येक गावात एक जुना वाडा असतो. पाटाचे पाणी आधी त्याच्या शेताला, देवळात पहिला मान त्याचा, तंट्याचा निवाडा त्याच्या ओसरीवर. मग वेशीबाहेर एखादा नवा माणूस वर येतो. ट्रॅक्टर घेतो, खताचे दुकान टाकतो, लोकांना उधारी देतो. वाड्याला वाटते, हा डोईजड होतो आहे, आत्ताच दाबला पाहिजे. नव्याला वाटते, पैसा माझ्याकडे आला तरी मान अजून त्याच्याकडे का? दोघांपैकी कोणी वाईट असलाच पाहिजे असे नाही. एकाला भीती असते, दुसऱ्याला घाई असते, आणि तेवढे पुरते.

पण त्या दोघांच्या बांधाला बांध लागून ज्याची दोन एकर कोरडवाहू आहे, त्याने काय करायचे? वाड्याकडे गेला तर नवा उधारी बंद करतो. नव्याकडे गेला तर वाडा रस्ता अडवतो. आपला देश आणि त्याहूनही आपण शेतकरी आज या दोन एकरवाल्याच्या जागी आहोत. आणि हे पहिल्यांदा घडत नाही.

१९३३ ची गोष्ट

इंग्लंड हा तेव्हा जुना वाडा. लँकेशायरच्या गिरण्यांनी १९१३ साली एकट्या हिंदुस्थानात सुमारे ३०० कोटी वार कापड विकले होते. वेशीबाहेरचा नवा होता जपान. जपानी गिरण्यांनी आपल्या वऱ्हाड-खानदेशाचा आखूड धाग्याचा देशी कापूस दुसऱ्या कापसात मिसळून स्वस्त सूत काढायची कला साधली होती. या कापसाला बाजारात ‘ऊमरा’ म्हणत, म्हणजे आपल्या उमरावतीचा, अमरावतीचा. लँकेशायरला हा कापूस आवडत नसे, त्यांना लांब धागा हवा. जपानला मात्र तो हवाच होता. १९३२ च्या सुमारास हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्या कापसातला जवळपास निम्मा जपान घेत होता.

१९३१ च्या डिसेंबरात जपानने आपले चलन सोन्यापासून सोडवले, येन घसरला आणि जपानी कापड आणखी स्वस्त झाले. लँकेशायर घाबरले. मुंबईचे गिरणीमालकही घाबरले, कारण मार त्यांनाही बसत होता. दोघांचा ओरडा एक झाला. एप्रिल १९३३ मध्ये सरकारने जपानशी १९०४ पासून असलेला व्यापारी करार मोडल्याची नोटीस दिली आणि जून महिन्यात इंग्लंडबाहेरच्या सुती कापडावरचा कर ७५ टक्के केला. इंग्लिश कापडावर तो २५ टक्केच राहिला.

जपानने काय केले? त्याने लँकेशायरला हात लावला नाही. मुंबईच्या गिरण्यांना हात लावला नाही. जपानी गिरण्यांच्या संघाने ठराव केला की हिंदुस्थानचा कापूस घ्यायचा नाही. १९२९ च्या मंदीत कापसाचे भाव आधीच निम्म्यावर आले होते, त्यात निम्मे गिऱ्हाईक गेले. कर बसवला लँकेशायर आणि मुंबईसाठी, आणि त्याची वसुली झाली वऱ्हाडातल्या कापूसवाल्याकडून.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या गिरणीमालकांचे होमी मोदी आणि लँकेशायरचे विल्यम क्लेअर लीस यांनी आपसात समझोता केला. मोदी-लीस करार म्हणून तो प्रसिद्ध आहे. गिरणीमालकाने गिरणीमालकाशी केलेला करार. त्यावर कापूस पिकवणाऱ्याची सही नव्हती.

मात्र या गोष्टीचा शेवट लक्षात ठेवण्यासारखा आहे. जपानचेही आपल्या कापसावाचून अडत होते. सिमल्यात महिनोन् महिने बोलणी झाली आणि १९३४ साली नवा करार झाला. त्यात स्पष्ट लिहिले गेले की जपानने वर्षाला १० लाख गाठी हिंदी कापूस घ्यायचा, तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड इथे विकता येईल. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वारापर्यंत. करही ५० टक्क्यांवर आला. कापड आणि कापूस एकाच दाव्याला बांधले गेले. इंग्रज सरकारला शेतकऱ्याचा कळवळा आला म्हणून हे झाले नाही. गिऱ्हाईक हातचे गेले की सारा वसूल होत नाही, एवढे त्यालाही कळत होते.

पुढे १९४१ मध्ये जपानशी व्यापार पुरता तुटला. आखूड धाग्याला गिऱ्हाईक उरले नाही आणि १९४२ साली सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणून कापसाचे रान ज्वारी-बाजरीकडे वळवायची मोहीम काढली. कोणत्या रानात काय पेरायचे, हे मातीने आणि पावसाने ठरवावे असे आम्हाला शेतकी कॉलेजात शिकवले. प्रत्यक्षात ते टोकियो आणि लंडनच्या भांडणातही ठरते.

आताचा वाडा, आताचा नवा

आज वाड्याच्या जागी अमेरिका आहे, नव्याच्या जागी चीन. आणि गंमत अशी की या झुंजीत पहिल्या फटक्यात सापडली ती ज्वारी. १७ एप्रिल २०१८ रोजी चीनने अमेरिकी ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत भरायचा हुकूम काढला. ही लाल ज्वारी, चीनमध्ये जनावरांच्या खाद्याला आणि दारू गाळायला लागते. ज्वारी भरून निघालेल्या जहाजांनी भर समुद्रात तोंड फिरवले. महिन्याभरात, १८ मे रोजी, हुकूम मागे घेतला. जुलैमध्ये सोयाबीन आणि कापसावर २५ टक्के कर बसला तो मात्र टिकला.

पण अमेरिकन शेतकऱ्याच्या मागे त्याचे सरकार उभे राहिले. २०१८ साली १२०० कोटी डॉलरपर्यंत आणि २०१९ साली १६०० कोटी डॉलरपर्यंत भरपाई जाहीर झाली. त्यात सोयाबीनवाला होता, कापूसवाला होता, ज्वारीवालाही होता. २०२५ मध्ये हेच भांडण पुन्हा पेटले. ३० ऑक्टोबरला दोन्ही देशांच्या प्रमुखांची दक्षिण कोरियात भेट झाली, तेव्हा चीनने सोयाबीन आणि ज्वारी पुन्हा घ्यायचे कबूल केले. तरीही डिसेंबरात अमेरिकी सरकारने आपल्या शेतकऱ्यांना आणखी १२०० कोटी डॉलर जाहीर केले. तिथला शेतकरी झुंजीत सापडतो हे खरे, पण त्याच्या जखमेचे बिल तिजोरीतून चुकते होते.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के, असा ५० टक्के कर लावला. दुसऱ्या पंचवीस टक्क्यांचे कारण सांगितले रशियाचे तेल. चीनही ते तेल घेतो, आपल्यापेक्षा कमी घेत नाही. पण त्याच्यावर हा दंड बसला नाही, कारण चीनच्या हातात यंत्रांना लागणारी दुर्मीळ खनिजे आहेत. त्यांची निर्यात आवळली की अमेरिकेचे कारखाने अडतात. ज्याच्या हातात काठी असते त्याच्याशी बोलणी होतात, नसते त्याला दम दिला जातो.

अमेरिकेत जाणारे आपले कपडे महागले. कापड उद्योग अडचणीत आला हे खरे, तिथे लाखो मजूर काम करतात. सरकारने काय केले? बाहेरून येणाऱ्या कापसावरचा ११ टक्के आयात कर १९ ऑगस्टपासून काढून टाकला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हटले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. म्हणजे दसऱ्याच्या सीतादहीपासून मुख्य वेचणी संपेपर्यंतचा नेमका काळ. मध्यम धाग्याचा हमीभाव ७७१० रुपये, लांब धाग्याचा ८११० रुपये जाहीर झालेला. पण बाजारात भाव त्याखाली, आणि सरकारी खरेदीला मोबाईलवर नोंदणी करा, आर्द्रता १२ टक्क्यांच्या वर गेली की गाडी परत. त्या वर्षी पावसाने बोंडे ओली झाली होती, हे आभाळाने तरी कोणाला विचारून केले होते?

१९३३ साली गिरणीला चढत्या जपानपासून वाचवायचे होते, भुर्दंड कापूसवाल्याला. २०२५ साली गिरणीला जुन्या अमेरिकेच्या करापासून वाचवायचे होते, भुर्दंड कापूसवाल्यालाच. वाडा बदलला, नवा बदलला, गोरा साहेब जाऊन आपले सरकार आले. पैसे भरणारा तेवढा तोच राहिला.

‘दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ’

काही शहाणे म्हणतात, घाबरता कशाला? अमेरिकेने चीनच्या शिंजियांग प्रांतातल्या कापसावर २०२१ साली बंदी घातली आणि जून २०२२ पासून कायदाच लागू केला. चीनचा नऊ-दशांश कापूस त्या प्रांतात पिकतो. आता जग आपल्याकडे येईल!

असा लाभ आपण एकदा पाहिला आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस अडकला आणि आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत शेअरचा जुगार रंगला. युद्ध संपले आणि भाव कोसळले. तेजीत काढलेले कर्ज मात्र कोसळले नाही. त्यात सारावाढ येऊन मिळाली, आणि दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची खतपत्रे जळाली. परक्याच्या भांडणातून आलेली तेजी भांडणाबरोबर जाते.

लाभ तिसऱ्याचा होतो, पण तो तयारीत असलेल्या तिसऱ्याचा. अमेरिकेने २७ जून १९७३ रोजी सोयाबीनची निर्यात अचानक थांबवली. भाव घरात पडावेत, एवढाच हेतू. जपान हादरला. त्याने ब्राझीलच्या ओसाड माळरानात पैसा आणि तंत्र ओतायला सुरुवात केली. ब्राझीलने त्याच वर्षी आपली कृषी संशोधन संस्था उभी केली होती. पुढे २०१८ मध्ये चीनने अमेरिकेकडे पाठ फिरवली तेव्हा ब्राझीलचे सोयाबीन तयार होते. कापसातही २०२३-२४ च्या हंगामात ब्राझीलने निर्यातीत अमेरिकेला मागे टाकले. काही महिन्यांसाठी बंद केलेल्या एका दाराने अमेरिकेला कायमचा प्रतिस्पर्धी दिला.

आणि आपण? एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात अडवली. ५ मार्च २०१२ रोजी पुन्हा बंदी घातली, तीही चीन आपला मोठा गिऱ्हाईक असताना. ओरड झाली म्हणून आठवड्याभरात सैल केली, पण परदेशी गिऱ्हाइकाला समजायचे ते समजले. मे २०२२ मध्ये गहू, जुलै २०२३ मध्ये तांदूळ, डिसेंबर २०२३ मध्ये कांदा. दर वेळी दुकान अर्ध्यात बंद करणाऱ्या दुकानदाराकडे कोण खाते उघडेल?

तयारीची दुसरी बाजू रानातली. मी कृषीची पदवी घेतली त्या सुमारास, २००२ साली, बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. त्यानंतर कापसात नवे जनुक एकही अधिकृतपणे आले नाही. गुलाबी बोंडअळीने जुन्याला केव्हाच दाद देणे सोडले. चीनमध्ये हेक्टरी सुमारे दोन हजार किलो रुई निघते, सगळी ओलिताखाली हे खरे, पण आपल्या कोरडवाहूत साडेतीनशे किलो निघाली तरी बरे म्हणायचे. लाकडी तलवार देऊन जागतिक बाजारात उभे करायचे आणि हरला की आळशी म्हणायचे, हा न्याय नाही.

‘मग आयातीला विरोध का?’

हा प्रश्न बैठकीत हमखास येतो आणि तो रास्त आहे. आपण बाजार मोकळा मागतो, मग परदेशी कापूस आला तर ओरडतो कशाला?

उत्तर सरळ आहे. मोकळा बाजार म्हणजे दोन्ही दारे उघडी. भाव चढला की निर्यातीचे दार लावायचे आणि भाव पडायच्या वेळी आयातीचे दार उघडायचे, याला काट्यावर बोट ठेवणे म्हणतात. पाऊस पडून पेरणी झाल्यावर, पऱ्हाटीला बोंडे धरल्यावर नियम बदलणे हे तर सौदा झाल्यावर माप बदलण्यासारखे आहे. वाशीच्या बाजारात एखाद्या मापाड्याने तसे केले तर त्याचा परवाना जाईल. दिल्लीने केले तर त्याला धोरण म्हणतात.

दुसरा प्रश्न देशप्रेमाचा. देशावर संकट आहे, थोडा त्याग करा, असे सांगितले जाते. शेतकऱ्याच्या घरातली पोरे सीमेवर आहेत, त्याला त्याग शिकवायची गरज नाही. पण सैनिकाला पगार आणि मागे घरच्यांना पेन्शन असते. देशासाठी शेतकऱ्याने भाव सोडायचा असेल तर त्याचीही नोंद वहीत झाली पाहिजे.

आणि महासत्ता होण्याची ज्यांना घाई आहे त्यांनी चीन वर कसा आला ते पाहावे. १९७८ साली आन्हुइ प्रांतातल्या शियाओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी सरकारी सामुदायिक शेती मोडून जमीन आपसात कसायला वाटून घेतली. सरकारने पुढे ते मान्य केले, आणि १९७९ साली धान्याचे खरेदीभाव २० टक्क्यांनी वाढवले. खेड्यात पैसा खेळला, त्यातून गावोगावी कारखाने निघाले. पोलाद, जहाजे, खनिजे हे सगळे नंतरचे. चीनच्या राज्यकारभाराचे गुणगान मला करायचे नाही, तिथे शेतकऱ्याला आपल्यासारखी सभा घेता येत नाही. पण त्याच्या चढाची पहिली पायरी शेतातच होती.

आपण काय मागायचे

म्हणून या बैठकीत चीनची झालर जाळायची की अमेरिकेचे शीतपेय ओतायचे, यावर वेळ घालवू नये. चीनने २०२१ मध्ये फॉस्फेटची निर्यात आवळली तेव्हा डीएपीची टंचाई आपण भोगली. अमेरिकेने कर लावला तेव्हा कापसाचा भाव आपण भोगला. दोघांपैकी कोणी आपला मामा नाही. दोघेही गिऱ्हाईक आहेत आणि दोघेही दुकानदार आहेत. आपल्याला दोघांशीही सौदा करता आला पाहिजे.

मी चार गोष्टी मांडतो, गावोगावी चर्चा करा.

पहिली, कापूस आणि ज्वारीच्या आयात-निर्यातीचे नियम मे अखेरपर्यंत, पेरणीआधी जाहीर व्हावेत आणि माल विकेपर्यंत बदलू नयेत.

दुसरी, परराष्ट्राच्या भांडणापायी नियम बदलावाच लागला तर पडलेल्या भावाची भरपाई थेट खात्यात जमा व्हावी, नुकसान झालेल्या प्रत्येक क्विंटलमागे. अमेरिकेला जे जमते ते आपल्याला का जमू नये?

तिसरी, कोणत्याही देशाशी करार करताना आपल्या कच्च्या मालाची विक्री त्यात बांधली जावी, जशी १९३४ साली बांधली गेली. फेब्रुवारी २०२६ मधल्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात कर कमी करायच्या अमेरिकी मालात जनावरांच्या खाद्याची लाल ज्वारी आहे. आपला कडबा आणि आपली हलकी ज्वारी त्याच बाजारात विकली जाते. असा शब्द कागदावर पडण्याआधी ज्वारी पिकवणाऱ्याला विचारले गेले पाहिजे.

चौथी, बियाण्याचे आणि तंत्राचे दार उघडा. परीक्षा घ्या, कडक घ्या, पण निकाल लावा. वीस वर्षे फाईल दाबून ठेवणे ही सावधगिरी नव्हे.

रेड्यांची टक्कर थांबवणे आपल्या हातात नाही. अजून एक पिढी ती चालेल असे दिसते. पण झाडाने उभे कुठे राहायचे आणि त्याच्याभोवती कुंपण कोणी घालायचे, हे विचारणे आपल्या हातात आहे. येत्या मृगाच्या आधी प्रत्येक तालुक्यातून या चार मागण्यांचा ठराव सह्यांनिशी यायला हवा. १९३३ च्या कागदावर आपली सही नव्हती. या वेळी असू द्या.